आणखी एक फेरी

आमच्या घराण्यात व्यसन कुणालाच नाही. आजोबा तपकीर ओढत, पण ती नेहमी दुसऱ्याच्या डबीतली. तेव्हा तिला व्यसन न म्हणता काटकसर म्हणणं योग्य. वडील सुपारी खात, पण तीही लग्नकार्यात मिळालेली. मी स्वतः साठीला येईपर्यंत दिवसाला दोन कप चहा यापलीकडे कशाच्या आहारी गेलो नाही, आणि त्यातला दुसरा कप अर्धाच असे. अशा निर्मळ कुळात जन्माला येऊन म्हातारपणी मी व्यसनी झालो. तेही वाईट संगतीनं नव्हे, तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानं. चिठ्ठी अजून माझ्याजवळ आहे.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रोज अर्धा तास भरभर चालणे.’ निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत माझ्या रक्तात साखर आढळली होती. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं बेताचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० साली सांगून ठेवलंय. रोजचा अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. झाली १५० मिनिटं. हिशेब चोख होता. पुढे मी तो आठवड्याचा हिशेब एका सकाळीच पुरा करू लागलो, त्याला डॉक्टर काय करणार?

पुण्यात फिरायला जायच्या जागा ठरलेल्या आहेत. पर्वती आहे, तळजाई आहे, सारसबाग आहे. पण तिथे ओळखीचे लोक भेटतात आणि तब्येतीची चौकशी करतात. पुणेकरानं दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली की ती स्वतःच्या तब्येतीचं वर्णन ऐकवल्याशिवाय संपत नाही. मी राहतो गुलटेकडीला. तिथून जवळ म्हणजे मार्केट यार्ड. भुसार बाजारातले गाळे सकाळी बंद असतात, रस्ते मोकळे असतात. मिरची, हळद, गूळ यांचा रात्रभर कोंडलेला वास तेवढा असतो, तो फुफ्फुसांना चांगला असावा. तिथून वळसा घालून तरकारी विभागाकडे आलं की मात्र एकदम पंढरीची वारी! टेम्पोंची रांग, मागे येणाऱ्या ट्रकांची पिंपिं, मेथीच्या जुड्यांचे ढीग, कांद्याची पोती आणि डोक्यावर ओझं घेऊन “पाय, पाय! बाजू!” असं ओरडत धावणारे हमाल. या सगळ्यातून पांढरे बूट घातलेला एक निवृत्त गृहस्थ हात हलवत, कुठलीही खरेदी न करता, जणू गाडी चुकतेय अशा घाईनं चाललाय, हे दृश्य बाजाराला नवीन होतं. पहिल्या आठवड्यात एका चहावाल्यानं मला विचारलं, “काका, उधारी वसूल करता का?”

भुसार बाजारातून निघून तरकारीवरून परत, ही झाली एक फेरी. पहिल्या महिन्यात मी एक फेरी मारत असे. घरी येताना अंग हलकं व्हायचं, डोकं साफ व्हायचं, बायकोचं बोलणंसुद्धा गोड वाटायचं. दुसऱ्या महिन्यात तेवढं हलकं वाटेना. म्हणून दोन फेऱ्या केल्या. मग तीन. दारू पिणाऱ्याला पहिल्या पेल्याची नशा पुढे तिसऱ्या पेल्यातही सापडत नाही म्हणतात. मला पहिल्या फेरीतला आनंद पाचव्या फेरीतही सापडेना. पण तो सहाव्या फेरीत नक्की असणार, अशी माझी श्रद्धा होती.

त्यात जावईबापूंनी मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ दिलं. जावयानं दिलेली वस्तू नाकारता येत नाही. हे घड्याळ वेळ सांगतं, पण ती त्याची जोडधंद्याची बाजू. मुख्य काम पावलं मोजणं. दहा हजार झाली की ते मनगटावर थरथरतं आणि चिमुकल्या पडद्यावर फटाके उडतात. आमच्या कचेरीत पस्तीस वर्षं इमानानं खर्डेघाशी केली, पण माझ्यासाठी कुणी कधी फटाके उडवले नव्हते. मी त्या घड्याळाचा गुलाम झालो.

आता हे दहा हजार आले कुठून? मला वाटायचं, मोठमोठ्या डॉक्टरांनी हृदयं वगैरे तपासून हा आकडा काढला असेल. तसं काही नाही. १९६५ च्या सुमाराला जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, लोकांना व्यायामाचा उत्साह होता. यंत्राचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. एवढंच! एका दुकानदारानं गोल आकडा निवडला आणि साठ वर्षांनी गुलटेकडीतला एक म्हातारा रात्री पावणेबारा वाजता हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालू लागला.

हो, घालू लागलो. दिवसाअखेर नऊ हजार सहाशे पावलं झाली असतील तर झोप कशी यावी? ही म्हणायची, “अहो, चारशे पावलांनी काय आभाळ कोसळणार आहे?” आभाळ माहीत नाही, पण खालच्या मजल्यावर काहीतरी कोसळत असावं. कारण खालच्या बिऱ्हाडातले गृहस्थ एक दिवस हात जोडून वर आले. “आपल्याकडे रात्री कुणी दळण दळतं का?” असं त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं. पुण्यात एवढ्या सभ्यतेला भांडण म्हणतात.

भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी कार्यालयाच्या गच्चीवर येरझारा घालत होतो. अक्षता गच्चीवरूनच टाकल्या; त्या केटररवर पडल्या. पावसानं एखाद्या दिवशी फेरी बुडाली तर माझा चेहरा सुतक आल्यासारखा व्हायचा. वरणात मीठ कमी आहे, पेपर उशिरा आला, नातू फार हसतो अशा तक्रारी मी करायचो. ही शेवटी कंटाळून म्हणायची, “जा बाई, छत्री घ्या आणि जा एकदाचे!” घरातून निघताना मी जिंकल्यासारखा निघायचो.

आणि या व्यसनाची सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. दारू पिऊन झोकांड्या खात येणाऱ्याला सोसायटीत कुणी हार घालत नाही. मी लंगडत घरी यायचो, आणि लोक कौतुक करायचे! “या वयात काय उत्साह आहे हो!” गणेशोत्सवात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराच्या भाषणात मला तरुणांपुढचा आदर्श म्हटलं गेलं. व्यासपीठावर बसल्या बसल्या मी टाचा वरखाली करत होतो, हे आदर्शाच्या पायांकडे पाहणाऱ्या एका व्यक्तीला दिसलं. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

सत्कारानंतर महिन्याभरात उजव्या नडगीत कळ येऊ लागली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो वगैरे काढून सांगितलं, हाडाला बारीक चीर गेलीय. मी म्हणालो, “पण मी पडलो नाही.” ते म्हणाले, “पडायला नको. हाडावर रोज ताण येतो, रोज बारीक झीज होते आणि विश्रांतीत हाड ती भरून काढतं. तुम्ही भरायला वेळच दिला नाहीत.” म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यासारखंच झालं, एक खड्डा बुजायच्या आत दुसऱ्याची खोदाई. “सहा आठवडे चालणं बंद,” डॉक्टर म्हणाले. मी घरी ‘सहा दिवस’ असं सांगितलं. आयुष्यात बायकोशी खोटं बोलल्याची ही माझी पहिली वेळ. तिनं फाइल वाचली नसेल, असं मला वाटलं, यावरून माझी बुद्धी कुठवर गेली होती ते कळावं.

सातव्या दिवसापासून पायाला क्रेपबँडेज गुंडाळून मी पहाटे चोरून बाहेर पडू लागलो. बूट हातात घेऊन जिना उतरायचो. तरुणपणी ज्यासाठी लोक असे जिने उतरतात ते मी कधी केलं नाही, आणि आता उतरत होतो ते कांद्या-बटाट्याच्या बाजारात जायला.

पावसाळा होता. हिला ताप आला. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या, पडून राहा आणि एकटं सोडू नका असं बजावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप जरा उतरला होता, तिला झोप लागली होती. मी घड्याळाकडे पाहिलं. ‘एकच फेरी, अर्ध्या तासात येतो,’ असं झोपलेल्या माणसाला कुजबुजत सांगितलं, म्हणजे सांगितलं असं स्वतःला पटवलं, आणि निघालो. एका फेरीत बरं वाटेना. दुसरी मारली. मग आकडा अशा जागी आला की तिथे सोडून देणं जिवावर आलं. परत आलो तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती.

दार उघडं होतं. ही भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनी तिच्या कपाळावर ओला रुमाल धरून होत्या. पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात भोवळ येऊन पडली. खालचे गृहस्थ आमच्याकडच्या जादा किल्लीनं दार उघडून आत आले होते. ते मला म्हणाले, “रोजची धपधप ओळखीची झालीय हो. आजची वेगळी वाटली.”

त्यांनी दुसरं काहीच म्हटलं नाही. हिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, “झाली का दहा हजार?”

आणि मी, वाचकहो, मनगटाकडे पाहिलं. उत्तर द्यायला. सवयीनं. आकडा अकरा हजारांच्या वर होता. तो मी वाचला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय.

ही बरी झाली. पण त्या दिवसापासून घड्याळ कपाटात गेलं आणि मी खुर्चीत. सहा आठवडे! पहिल्या चार दिवसांत माझे हात थरथरत नव्हते इतकंच; बाकी सगळं होत होतं. झोप नाही, चैन नाही, उगाच धडधड. खुर्चीत बसून पाय आपोआप हलायचे. माझी एक भाची मानसशास्त्र शिकते. तीच, जिच्या अक्षता केटररवर पडल्या. ती म्हणाली, “मामा, तुझी एक परीक्षा घेते. सहाच प्रश्न आहेत.” २००४ साली टेरी, साबो आणि ग्रिफिथ्स या तीन संशोधकांनी ही प्रश्नावली काढली. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, एकूण तीस. चोवीस किंवा जास्त मिळाले तर गाडी धोक्याच्या फाटकाशी आली असं समजायचं.

व्यायाम ही आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते का? मन थाऱ्यावर आणायला व्यायामच लागतो का? दिवसेंदिवस प्रमाण वाढत गेलं का? एखादा दिवस चुकला तर चिडचिड होते का? कमी करायचं ठरवून पुन्हा मूळपदावर येता का? आणि, व्यायामावरून घरात खटके उडतात का? या शेवटच्या प्रश्नाला मी “छे, अजिबात नाही” म्हणालो. त्याच क्षणी स्वयंपाकघरात एक पातेलं आपटलं. भाचीनं न विचारता पाच गुण दिले. बेरीज सत्तावीस. म्हणजे नव्वद टक्के! शाळेपासून निवृत्तीपर्यंत कुठल्याही परीक्षेत मला एवढे गुण पडले नव्हते.

भाचीनं मग माझी समजूतही घातली. हे अजून रीतसर आजारांच्या यादीत बसलेलं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली आपली जंत्री नव्यानं केली तेव्हा जुगाराला दारू-गांजाच्या पंगतीत पाट मांडला, व्यायामाला मात्र दारातच उभं ठेवलं. पुरेसा पुरावा नाही म्हणाले. पण ही गोष्ट काही आजची नाही. १९७० साली फ्रेडरिक बेकलँड नावाच्या संशोधकाला पाहायचं होतं की व्यायाम महिनाभर बंद केला तर झोपेवर काय परिणाम होतो. रोजच्या रोज व्यायाम करणारे लोक पैसे देऊनही महिनाभर थांबायला तयार होईनात! शेवटी त्यानं आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवलं, आणि तेसुद्धा महिनाभर बेचैन झाले, रात्री जागे होऊ लागले. १९७६ मध्ये विल्यम ग्लासर यांनी पुस्तक लिहून धावण्याला ‘चांगलं व्यसन’ म्हटलं. तीनच वर्षांनी विल्यम मॉर्गन यांनी उलटं सांगितलं: पाय मोडला तरी धावणारे, घरदार आणि नोकरी विसरून धावणारे लोक आपण पाहिलेत, याला चांगलं कसं म्हणायचं?

“मग किती फेऱ्यांनंतर व्यसन सुरू होतं?” मी विचारलं. मला आकडा हवा होता. बघा, अजूनही आकडाच. भाची म्हणाली, “फेऱ्यांवर नाही रे मामा. तालमीतला पैलवान तुझ्या दसपट मेहनत करतो, पण वस्तादानं आज आराम म्हटलं की तो लंगोट वाळत घालून झोपतो. तुला थांबता येतं का, एवढाच प्रश्न.”

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी हळूहळू सुरू करायला परवानगी दिली, पहिले काही दिवस दहा मिनिटं, तीही काठी घेऊन. मी यार्डात गेलो आणि तरकारी विभागाशेजारी एका उपड्या क्रेटवर बसलो. शेजारी एक हमाल पटका सोडून घाम पुसत होता. वय माझ्याएवढं असेल. रोजचा तोंडओळखीचा.

“काका, लई दिवसांनी? पायाला काय झालं?”

“चालून चालून हाड चिरलं.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी साखर खाऊन दात पडले असं नव्हे, तर साखरेचं पोतंच गिळलं असं सांगितलंय. “काय नेत व्हता?”

“काही नाही. नुसताच चालत होतो.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी हितून उचलतो, टेम्पोपातुर नेतो आन् टेम्पोत टाकतो. मंग मोकळा. दोन वर्सं बघतोय तुमाला. काका, तुमचा टेम्पो कुठं उभा असतो?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग तोच सांगत बसला. त्याच्या बापाच्या वेळी शंभर किलोचं पोतं पाठीवर असायचं. आता पन्नासचं. वर एक किलो चढलं तर हात लावणार नाही, म्हणाला. आठवड्याची सुट्टी म्हणजे सुट्टी. हे काही आपोआप झालं नाही. स्वतः डॉक्टर असलेल्या बाबा आढावांनी १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली. मोर्चे झाले, संप झाले. १९६९ साली माथाडी कायदा आला. हमालाची नोंद, मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, रजा यांना आधार मिळाला. १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून. पोतं पन्नास किलोवर आणा ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षं लावून धरली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनंही १९६७ साली म्हटलं होतं की एकट्या पुरुषाच्या अंगावर ५५ किलोहून जास्त ओझं नको.

मी ऐकत होतो आणि मनात शरमत होतो. ज्याचं पोट ओझ्यावर चालतं त्यानं भांडून भांडून ओझ्याची हद्द ठरवून घेतली. आणि मी? माझं पेन्शन घरबसल्या येतं. मला कुणी मुकादम नव्हता, कुणी मजुरी कापणार नव्हतं. तरी मी पहाटे उठून स्वतःच्या डोक्यावर स्वतःच पोतं ठेवत होतो आणि रोज त्यात किलो किलो वाढवत होतो. त्याविरुद्ध मोर्चा तरी कुणावर काढणार? मालकही मी, हमालही मी, आणि टाळ्या वाजवायला सोसायटी.

“बसा आजून,” तो उठत म्हणाला, “कुणी मजुरी कापत न्हाई तुमची.” आणि पटका बांधून तो कोबीच्या गोणीकडे गेला.

आता मी अर्धा तास चालतो. साखर आटोक्यात आहे. डॉक्टर म्हणतात, तिला अर्धा तास पुरतो, नवसाच्या प्रदक्षिणांची गरज नसते. आठवड्यातले दोन दिवस चालत नाही. हे दोन दिवस मला बाकीच्या पाचांपेक्षा जड जातात, हे कबूल करतो. घड्याळ कपाटात धोतरांखाली आहे. मधूनच रात्री मला ते थरथरल्यासारखं वाटतं. कपाट उघडून बघितलं तर चार्जिंग कधीच संपलेलं असतं.

रविवारी ही माझ्याबरोबर येते. तिची चाल अशी की तिच्यासोबत चालण्याला व्यायाम म्हटलं तर डॉक्टर रागावतील. परवा यार्डाच्या गेटाबाहेर एका भाजीवालीपाशी ती कोथिंबिरीसाठी थांबली. जुडी उलटीसुलटी करून पाहणं, मुळं नाकाशी नेणं, भाव विचारणं, चार पावलं पुढे जाणं, परत येणं. त्या चार पावलांत मी नव्हतो. मी पिशवी धरून एका जागी उभा होतो. पायात मुंग्या आल्या. टाचा उचलायला लागल्या. मी त्या खाली टेकवल्या. पुन्हा उचलल्या, पुन्हा टेकवल्या. चांगली पंधरा मिनिटं गेली.

“कंटाळलात का?” तिनं मागे न बघता विचारलं.

“छे,” मी म्हणालो. हे निम्मं खोटं होतं. पण निम्मं खरं होतं, आणि सध्या मी तेवढ्यावर खूश आहे. त्या पंधरा मिनिटांत माझी पावलं झाली शून्य. जुडी दोन रुपयांनी स्वस्त मिळाली.